साथरोग, शासन आणि तुलनेचे एकक : हदगावच्या संदर्भात एक टिपण

कोविड-१९ च्या साथीत निरनिराळ्या राष्ट्रांनी स्वीकारलेल्या धोरणांची तुलना करणारे लेखन विपुल आहे. त्यातील बऱ्याचशा लेखनाचा आधार ऑक्सफर्ड विद्यापीठाचा कठोरता-निर्देशांक हा होय. शाळा, कचेऱ्या, वाहतूक इत्यादींवरील निर्बंधांस त्यात ० ते १०० गुण दिलेले असतात. २५ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत भारतास पूर्ण १०० गुण मिळाले. स्वीडनने लहान मुलांच्या शाळा चालू ठेवून मुख्यतः सल्ल्यावर भिस्त ठेवली. त्याचे गुण पुष्कळच कमी. गुणांवरून परिणाम ताडू नये, असे निर्देशांकाचे कर्तेच बजावतात. तुलनाकार मात्र ते विसरतात.

तथापि खरे वैगुण्य ह्याहून खोल आहे. निर्देशांक हुकुमाचा मजकूर मोजतो, आणि तो मजकूर राष्ट्रभर एकसारखा आहे असे गृहीत धरतो. हदगावसारख्या तालुक्यातून पाहता हे गृहीत टिकत नाही. पैनगंगेच्या दक्षिणेकडील हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पलीकडचे उमरखेड वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजी अंमलाखाली. मुंबईच्या प्लेगनिमित्त झालेल्या १८९७ च्या साथरोग कायद्यात, स्वातंत्र्योत्तर दुरुस्त्यांनंतरही, १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी 'ब' वर्ग राज्यांत असलेला प्रदेश वगळलेला होता. हैदराबाद हे असे राज्य होते. राज्यांनी स्वतंत्रपणे केलेल्या तजविजींचा भाग निराळा. परंतु केंद्रीय कायद्याच्या शब्दांत हदगाव वगळलेले आणि नदीपलीकडील उमरखेड समाविष्ट, अशी स्थिती होती. हे शब्द २२ एप्रिल २०२० च्या वटहुकुमाने गळले. भारतास १०० गुण मिळाले तेव्हा ते कायद्यात होतेच. टाळेबंदी २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वये होती, हा आक्षेप रास्त आहे. पण महाराष्ट्राने मार्चमध्येच आधार घेतला तो १८९७ च्याच कायद्याचा, हेही ध्यानी घ्यावयास हवे.

दुसरे उदाहरण जिल्ह्याच्याच ठिकाणचे आहे. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात टाळेबंदीमुळे अडकलेले सुमारे चार हजार यात्रेकरू एप्रिलअखेरीस बसगाड्यांनी पंजाबात परतले. तेथील तपासणीत त्यांपैकी शेकडो बाधित आढळले. लागण नांदेडात झाली की वाटेत, ह्यावरून वाद माजला. निर्देशांकाच्या कर्त्यांनी पुढे भारतीय राज्यांच्या पृथक् नोंदीही घेतल्या, हे त्यांस श्रेयस्कर आहे. परंतु दोन राज्यांच्या दरम्यान घडलेल्या ह्या प्रवासास त्यांतही रकाना नाही.