जनमत कौल आणि ‘बोली’ ही संज्ञा

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात झालेल्या जनमत कौलातील प्रश्न राजकीय होता : महाराष्ट्रात विलीनीकरण की केंद्रशासित प्रदेश. विलीनीकरणाला १,३८,१७० मते मिळाली, विरोधात १,७२,१९१. या निकालाने प्रश्न मिटला, कटुता मिटली नाही. ती भाषेत वस्तीला आली.

‘कोंकणी ही मराठीची बोली’ हे विधान भाषाविज्ञानात वर्णनपर असू शकते. वादात मात्र ते पायरी दाखवणारे ठरले. प्रतिपक्षाचा युक्तिवाद खोडण्याऐवजी त्याच्या बोलण्याचा अधिकारच नाकारण्याची सोय या एका संज्ञेने केली. (मराठीला ‘परकी’ ठरवणारेही कमी अनुदार नव्हते, गोव्याच्या देवळांतली, शाळांतली मराठी उपरी नव्हती.) आणि विलीनीकरणाविरुद्धचे सर्वांत धारदार लेखन मडगावच्या ‘राष्ट्रमत’ दैनिकात, उदय भेंब्रे यांच्या ‘ब्रह्मास्त्र’ सदरातून, मराठीतच होत होते! मराठीप्रेम म्हणजे विलीनीकरण हे समीकरण तेथेच ढासळते. मराठी समीक्षेने या सदराकडे गोव्याचे राजकारण म्हणून नव्हे, मराठी वादवाङ्मय म्हणून पाहायला हवे.

१९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. तरीही १९८७ च्या राजभाषा कायद्यापूर्वीच्या वादात ‘बोली’ हा शब्द पुन्हा हत्यारासारखा उपसला गेला.