पोथीतली पत्रिका : रुक्मिणीच्या लग्नातला वारसा कोणता?

गेल्या माघात वसंत पंचमीला आमच्या बिलोली तालुक्यातल्या एका लग्नाला गेलो होतो. मंगल कार्यालयाच्या हिरवळीवर मांडव होता, झेंडूबरोबर बाहेरगावाहून आणलेल्या गुलाबी फुलांच्या कमानी होत्या. नवरीने पणजीची पुतळ्यांची माळ घातली होती आणि आजीची पैठणी नेसली होती. निवेदकाने ध्वनिक्षेपकावरून सांगितले की, आज पंढरपुरात विठ्ठल-रुक्मिणीचेही लग्न लागते आहे आणि आपली नवरी रुक्मिणीसारखीच घराण्याचे दागिने अंगावर घेऊन उभी आहे. टाळ्या पडल्या. मी मात्र त्या वाक्यावर अडलो. रुक्मिणीने घराण्यातून नेमके काय आणले होते?

हा प्रश्न मला तीस वर्षांपूर्वीच पडायला हवा होता. माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न जमत नव्हते, तेव्हा एकनाथांच्या 'रुक्मिणी स्वयंवरा'ची पोथी मीच तिला आणून दिली. लग्न जमावे म्हणून मुलीने या पोथीचे पारायण करावे, ही रूढी महाराष्ट्रात सर्वत्र आहे, आमच्याकडेही आहे. अठरा प्रसंगांची पोथी, रोज एक प्रसंग. चार-पाच दिवसांनी तिने विचारले, "दादा, हिनं तर घरच्यांनी ठरवलेला नवरा नको म्हणून पत्र धाडलं. मग ठरवलेलं लग्न जमावं म्हणून हे का वाचायचं?" मी तेव्हा नुकताच संतवाङ्मय वाचू लागलो होतो. रुक्मिणी म्हणजे जीव, कृष्ण म्हणजे शिव, हे लग्न म्हणजे ऐक्य, असे मी तिला समजावले. ती गप्प झाली. तिचे समाधान झाले, असे मी धरून चाललो. आज वाटते, मी रूपक सांगून प्रश्न मिटवला होता. मराठी समीक्षेनेही या कथेच्या बाबतीत पुष्कळदा हेच केले आहे.

कथा सर्वांना ठाऊक आहे, पण तिचा सांगाडा समोर ठेवणे आवश्यक आहे. भागवताच्या दशम स्कंधात (अध्याय ५२ ते ५४) विदर्भराजा भीष्मक मुलाच्या, म्हणजे रुक्मीच्या, आग्रहापुढे नमतो आणि रुक्मिणी शिशुपालाला द्यायचे ठरते. रुक्मिणी एका विश्वासू ब्राह्मणाकरवी द्वारकेला गुप्त निरोप पाठवते. तो सात श्लोकांचा आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्या कुळात नवरीने नगराबाहेर गिरिजेच्या दर्शनाला जायचे असते, तेथून मला घेऊन जा, असे ती त्यात सांगते. इथे एक गोष्ट नीट पाहावी. घराण्याकडून तिला मिळालेल्या ज्या वारशाचा ती उपयोग करते, तो दागिना नाही, कुळाचार आहे. नवरीला देवीला नेण्याची जी चाल तिला घराण्यात बांधून ठेवण्यासाठी आहे, तीच ती बाहेर पडण्याची वाट करते. देवळातून परतताना तिच्या हातात रत्नजडित अंगठी आहे, एवढे भागवतकार सांगतात. पण ती पाठवणीची नवरी नाही. ओटी भरून, पेटी देऊन तिला कोणी निरोप दिलेला नाही. अंगावर होते तेवढ्यानिशी ती रथात बसते. मागून द्वारकेत विधिवत लग्न होते, तेही थोडक्या श्लोकांत आटोपते. जमलेल्या राजकुळांत विदर्भांचे नाव येते, आईबाप मात्र दिसत नाहीत.

भागवतातला हा तोंडी निरोप मराठीत 'पत्रिका' म्हणून रूढ झाला. आपल्याकडे पत्रिका म्हणजे कुंडली, पत्रिका म्हणजे लग्नाचे निमंत्रण आणि पत्रिका म्हणजे रुक्मिणीचे पत्र. पहिल्या दोन्ही पत्रिका मुलीसाठी दुसरे कोणीतरी तयार करतात. तिसरी तेवढी तिची स्वतःची आहे. पहिली जुळत नाही म्हणून तिसरी वाचायला लावायची, अशी आमची रूढी.

मराठीत ही कथा प्रथम ज्यांनी गायिली, त्यांच्याकडे पाहिले की या विसंगतीचा उलगडा होऊ लागतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नाचा सोहळा मांडला गेला, तेव्हा महदाइसेने 'धवळे' रचले. धवळे म्हणजे लग्नात गायची वरगीते. विषय रुक्मिणीच्या लग्नाचा. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून महदंबेचा उल्लेख प्रत्येक वाङ्मयेतिहासात असतो. साधेपणा, उत्स्फूर्तता, घरगुती भाषा हे गुणही नोंदलेले असतात. पण ती बालविधवा होती ही गोष्ट चरित्राच्या रकान्यात राहते, काव्याच्या विचारात येत नाही. ज्या समाजात विधवेने हळदीच्या पाटाजवळही फिरकायचे नाही, त्या समाजात एक विधवा मांडवात बसून नवरीची गाणी रचते, आणि ती नवरीही अशी निवडते जिने आपला वर आपण ठरवला. महानुभाव पंथाने तिला ही जागा दिली, हे त्या पंथाचे मोठेपण. ती जागा तिने कशी वापरली, हे पाहणे समीक्षेचे काम होते. धवळ्यांचा साधेपणा मला भाबडा वाटत नाही. ज्या बायांना गाता यावे त्यांच्यासाठी तो राखलेला आहे. दागिना एका घरातून दुसऱ्या एकाच घरात जातो, गाणे मांडवातल्या साऱ्या बायांबरोबर जाते.

त्याच काळातला दुसरा कवी नरेंद्र. त्याचे 'रुक्मिणी स्वयंवर' अलंकारांनी भरलेले, राजदरबाराला शोभेल असे काव्य आहे. त्यातले रुक्मिणीचे विरहवर्णन विशेष गाजले. या काव्याविषयी महानुभाव परंपरा एक गोष्ट सांगते. देवगिरीच्या रामदेवराव यादवाला काव्य इतके आवडले की, ते माझ्या नावावर कर, दर ओवीला सोन्याचे नाणे देतो, असे तो म्हणाला. नरेंद्राने नकार दिला, कारण कवींच्या कुळाला बोल लागला असता. या गोष्टीची ऐतिहासिक खातरजमा करणे अवघड आहे. तरी ती रुक्मिणीच्या लग्नाच्या काव्याभोवतीच तयार व्हावी, हे मला अर्थपूर्ण वाटते. राजा सोने देऊन ओवी मागतो, कवी कुळाचे नाव सांगून सोने परत करतो. कुळाचा वारसा सोन्यात नसून शब्द कोणाचा आहे यात आहे, ही जाण त्या गोष्टीत आहे. रुक्मिणीच्या निरोपातही तीच आहे. शब्द तिचा आहे आणि तो तिच्या नावानेच जातो.

आता पैठणकडे. एकनाथांनी 'रुक्मिणी स्वयंवर' काशीत पूर्ण केले, शके १४९३ च्या चैत्रात, रामनवमीला, म्हणजे इ. स. १५७१ च्या ऐन वसंतात. या काव्याविषयी दोन मते सतत वाचायला मिळतात. एक, नाथांनी शृंगारकथेला अध्यात्माच्या पातळीवर नेले. दोन, त्यांनी तत्कालीन मराठी लग्नाचे हुबेहूब चित्र रेखाटले. दोन्ही खरी आहेत. पण ती शेजारी शेजारी ठेवून आपण थांबतो. अध्यात्मच सांगायचे होते, तर हळदी, जेवणावळी, विहिणींचे मानपान, झाल यांचा एवढा पसारा कशासाठी? याचे उत्तर मला भागवतातल्या रिकाम्या जागेत सापडते. भागवतातल्या लग्नात नवरीचे आईबाप दिसत नाहीत. नाथांच्या काव्यात भीमकराजा आहे, राणी शुद्धमती आहे, विहिणी-विहिणींचे बोलणे आहे. पळून गेलेल्या मुलीला नाथांनी माहेर परत मिळवून दिले. पैठणच्या कर्मठांचा रोष ओढवून घेणाऱ्या गृहस्थाने हे करावे, याला माझ्या लेखी रूपकाइतकेच मोल आहे. मुलीने स्वतः निवड केली तरी तिचे माहेर तुटू नये, तिची झाल व्हावी, तिच्या आईचा मान राहावा, अशी ही व्यवस्था आहे.

मात्र नाथांच्या काव्याची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. लग्न इतके यथासांग झाले की, ते मुळात मोडलेल्या लग्नातून उभे राहिले आहे हे वाचणाऱ्याच्या ध्यानातून निसटते. पुढच्या प्रसंगांतल्या वाजंत्रीत आधीची पत्रिका ऐकू येईनाशी होते. लग्न जमवण्यासाठी ही पोथी हाती देणाऱ्या आमच्यासारख्यांना नेमकी हीच सोय झाली. नाथांनी पत्रिका गाळलेली नाही, विस्ताराने मांडली आहे. गाळली ती आम्ही, पारायणाच्या संकल्पात.

रूढीचा विचार करताना पंढरपूर टाळता येत नाही. वसंत पंचमीला तिथे देवाला मुंडावळ्या बांधतात, मंदिर फुलांनी सजते, जुन्या सरदार घराण्यांनी वाहिलेल्या ठेवणीतल्या दागिन्यांनी देव नटतात. त्या दिवसापासून रंगपंचमीपर्यंत देवाला पांढरा पोशाख आणि त्यावर गुलालाची उधळण. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी पैठणला नाथषष्ठी. म्हणजे रुक्मिणीच्या लग्नापासून तिच्या कवीच्या पुण्यतिथीपर्यंत आपला सारा वसंत बांधलेला आहे. गुजरातेत माधवपूर घेडला हेच लग्न रामनवमीपासून भरणाऱ्या जत्रेत लागते आणि वरात मधुवन नावाच्या बनात जाते. वसंतातले, झाडाफुलांतले लग्न ही कल्पना कालपरवा हिरवळीच्या कार्यालयांबरोबर आलेली नाही.

पण पंढरपूरचीच दुसरी कथा या लग्नाला पूरक आहे. रुक्मिणी द्वारकेहून रुसून निघाली आणि दिंडीरवनात येऊन बसली. तिला शोधत देव आले. दोघांची गर्भगृहे आजही वेगळी आहेत. दागिन्यांनी मढवून दरवर्षी जिचे लग्न लावतो, ती एकदा नको असलेले लग्न सोडून निघाली आणि एकदा मनासारख्या नवऱ्यावरही रुसून निघाली. लोकपरंपरेने ही दोन्ही निघणी जपली. निवेदकाला मात्र तिची माळ तेवढी दिसली.

दागिन्यांविषयी तुच्छतेने बोलायचा माझा हेतू नाही. आमच्या भागात पुतळ्यांची माळ, बोरमाळ, गोट, पाटल्या हे बाईच्या नावावरचे एकमेव धन असे. शेत नवऱ्याचे, घर सासऱ्याचे, अंगावरचे तेवढे तिचे. तेही पुष्कळदा तिच्याकडे राहत नसे. १९७२ च्या दुष्काळात माझ्या आजीची बोरमाळ सावकाराकडे गेली ती परत आली नाही. पुढे पोरींच्या लग्नात उरलेसुरले गेले. ज्या घरात पणजीची माळ आज शाबूत आहे, त्या घरावर तशी वेळ आली नाही, किंवा आली तेव्हा दुसरे काही विकता आले. म्हणून वारशाचे दागिने घातलेल्या नवरीचे कौतुक करताना, ज्यांच्या पेटीत काहीच उरले नाही त्या घरांना वारसा नाही असे आपण म्हणून बसतो.

त्या पेट्यांत पुष्कळदा एक वस्तू उरते. 'रुक्मिणी स्वयंवरा'ची पोथी. तिला सावकार हात लावत नाही. आईने लेकीला, मावशीने भाचीला दिलेली, पाने पिवळी पडलेली, पुठ्ठा सुटलेला. अशा अकरा प्रती मी बिलोली आणि देगलूर तालुक्यांत आजवर पाहिल्या. काहींच्या कोऱ्या पानावर वाचणारीचे नाव आहे, काहींत पारायणाच्या तारखा, एकीत फक्त पेन्सिलीच्या उभ्या रेघा, दिवस मोजायला. एवढ्यावरून सिद्धान्त मांडता येणार नाही. तरी ग्रंथाच्या पाठभेदांइतकीच या रेघांची नोंद व्हायला हवी, असे वाटते. वाचकांच्या घरी अशी प्रत असेल, तर रद्दीत देण्यापूर्वी तिची पहिली आणि शेवटची पाने उघडून पाहावीत. ती कोणी वाचली, केव्हा वाचली, कोणाकडून आली, हे घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारावे आणि लिहून ठेवावे.

माझ्या बहिणीची प्रत तिच्याकडेच आहे. तिच्या मुलीसाठी आता स्थळे पाहणे चालू आहे. मागच्या खेपेला मी गेलो तेव्हा बहिणीला म्हणालो, पोथी पोरीला दे, पण संकल्प वेगळा सांग. ती म्हणाली, "तुम्ही मला तेव्हा जे सांगितलं, ते तिला सांगू नका म्हणजे झालं." पत्रिका तिने तेव्हाच नीट वाचली होती. मला ती वाचायला तीस वर्षे लागली.