पोटगीचा आदेश आणि राज्याची सीमा

चाकण-भोसरी पट्ट्यातला कंत्राटी कामगार ठेकेदार बदलतो, तसं गावही बदलतो. समजा, पोटगीचा आदेश झाल्यावर असा एकजण चाकण सोडून गुजरातेत साणंदच्या कारखान्यात लागला. त्याचं ‘प्रत्यार्पण’ मागायचं का? नाही. आपल्याकडे प्रत्यार्पण दुसऱ्या देशाकडून मागतात, दुसऱ्या राज्याकडून नव्हे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 147 सांगतं की, तो माणूस जिथे असेल तिथला दंडाधिकारी हा आदेश बजावू शकतो.

आदेश मोडला तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होते. आणि कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितलं. कैद ही वसुलीची रीत आहे, वसुली नव्हे.

नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात 4 नोव्हेंबर 2020 रोजी याच न्यायालयाने मोठा निकाल दिला. दोघांनी उत्पन्नाचं शपथपत्र द्यायचं, पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची, आदेशाची वसुली दिवाणी हुकूमनाम्यासारखीही करता येईल. निकाल चांगलाच आहे. पण आमचा आक्षेप ‘जिथे असेल तिथे’ या शब्दांवर आहे, आणि त्याला उत्तर या निकालातही मिळत नाही. तो कुठे आहे, हे शोधायचं कुणी? तिनेच. शिवाय वॉरंटसाठीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करायचा. म्हणजे जो जास्त दिवस लपतो, त्याला कायद्याची मुदतच हात देते.

इथे विचाराची गफलत आहे. आदेश मिळेपर्यंत भांडण नवरा-बायकोचं असतं. आदेश मोडला की अवज्ञा न्यायालयाची होते. मग तपासाचा भार अजूनही तिच्याच डोक्यावर का?

ठावठिकाणा काढणं अशक्य आहे, असंही नाही. 2014 पासून भविष्यनिर्वाह निधीच्या सभासदाला एकच कायम क्रमांक मिळतो. नोकरी बदलली तरी तो बदलत नाही. निधीतल्या पैशाला जप्तीपासून संरक्षण आहे, ते राहू द्या. आम्ही पैसा मागत नाही, पत्ता मागतो आहोत. न्यायालयाने स्वतः विचारावं, सध्याचा मालक कोण, आणि पगारातून कपातीचा आदेश थेट तिकडे धाडावा.

कामगाराचा निधी राज्याच्या सीमेवर हरवत नाही. मग त्याच्या लेकरांचा घास तिथे का हरवावा?