साखर फलक : काय सांगतो आणि काय सांगत नाही

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने, म्हणजे सीबीएसईने, मे २०२५मध्ये आपल्या शाळांना ‘साखर फलक’ लावण्याची सूचना केली. दिवसाला किती साखर चालते, नेहमीच्या खाऊत ती किती असते, जास्त खाल्ल्याने काय होते आणि त्याऐवजी काय खावे, हे त्यावर लिहायचे. मुलांमध्ये टाइप-२ मधुमेह वाढतो आहे, हे त्यामागचे कारण. दोन महिन्यांनी तेलाच्या फलकाचीही सूचना आली. नवी मुंबईत या मंडळाच्या शाळा पुष्कळ आहेत. महापालिकेनेही आपल्या काही शाळा याच मंडळाशी जोडल्या आहेत. तेव्हा शिकवण्याचे साधन म्हणून हा फलक कसा आहे, ते तपासून पाहू.

कल्पना चांगली आहे, हे आधीच सांगायला हवे. साखर डोळ्यांना दिसत नाही. साध्या ग्लुकोज बिस्किटात वजनाच्या जवळजवळ पाव हिस्सा साखर असते. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरी वर्षानुवर्षे ‘आरोग्यपेय’ म्हणून विकल्या गेल्या. कायद्यात अशी व्याख्याच नाही, म्हणून ही पेये त्या नावाखाली दाखवू नका, असे केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना एप्रिल २०२४मध्ये कळवले. जाहिरात जे झाकते ते शाळेच्या भिंतीवर उघडे होत असेल, तर ते स्वागतार्हच आहे.

आमचा पहिला आक्षेप आकड्यांविषयी आहे. परिपत्रक म्हणते की ४ ते १० वर्षांच्या मुलांना रोजच्या ऊर्जेपैकी १३ टक्के आणि ११ ते १८ वर्षांच्या मुलांना १५ टक्के ऊर्जा साखरेतून मिळते. मर्यादा मात्र ५ टक्क्यांची आहे. हे ‘अभ्यासांवरून दिसते’, एवढाच आधार दिला आहे. कोणता अभ्यास, कोणती मुले, हे सांगितलेले नाही. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य यंत्रणेने गेल्या दशकात तिथल्या मुलांविषयी नेमके हेच आकडे आणि हीच मर्यादा सांगितली होती. तुर्भे किंवा दिघ्यातील मुलाचा आहार लंडनच्या मुलासारखा असेल, असे गृहीत धरता येत नाही. फलकावरचा आकडा कुठून आला हे विचारण्याची सवय मुलांना लावणे, हेही विज्ञान शिक्षणच आहे.

दुसरा आक्षेप एका मापाने सगळ्यांना मोजण्याचा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शिकेप्रमाणे २००० किलोकॅलरींच्या आहारात वरून घातलेली साखर ५ टक्के, म्हणजे १०० किलोकॅलरींपेक्षा जास्त असू नये. एक ग्रॅम साखरेतून ४ किलोकॅलरी मिळतात. म्हणून ही मर्यादा २५ ग्रॅम. कोलाच्या २५० मिलिलिटरच्या एका बाटलीतच ती संपते. पण सात ते नऊ वर्षांच्या मुलाची ऊर्जेची गरज सुमारे १७०० किलोकॅलरी आहे. त्याची मर्यादा २१ ग्रॅमांवर येते. दुसरीच्या आणि दहावीच्या वर्गासाठी एकच ओळ पुरणार नाही.

तिसरा आक्षेप पर्यायांविषयी. आम्ही पाहिलेल्या काही फलकांवर ‘साखरेऐवजी’ या मथळ्याखाली गूळ, मध आणि ताज्या फळांचा रस ही नावे होती. गुळाचा मोठा भाग सुक्रोज, म्हणजे साखरच असते. मध आणि फळांचा रस यांतील साखर जागतिक आरोग्य संघटना मर्यादा घालण्याच्या साखरेतच मोजते. अख्ख्या फळातील साखर त्यात धरत नाही. म्हणजे मोसंबीचा रस आणि सोललेले मोसंबे फलकाच्या एकाच रकान्यात बसत नाहीत. मुंबईला भाजी-फळे पुरवणारा बाजार वाशीत आहे. त्या शहराच्या फलकावर केळी, पेरू, भाजलेले चणे, शेंगदाणे यांना अधिक जागा मिळायला हवी.

चौथा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा. साखर फलक जास्तीचे सांगतो, कमतरतेचे सांगत नाही. २०१६ ते २०१८ या काळात देशभर मुलांची व्यापक पोषण पाहणी झाली. तिच्यात १० ते १९ वयोगटातील ५ टक्के मुले लठ्ठपणाकडे झुकलेली आढळली, तर २४ टक्के वयाच्या मानाने फार बारीक होती. याच वयातील ४० टक्के मुलींना आणि १८ टक्के मुलांना रक्तक्षय होता. त्याच वेळी दहातील एकजण मधुमेहाच्या उंबरठ्यावर होता. ही दोन दुखणी वेगवेगळ्या मुलांत वाटून दिलेली नसतात. न्याहारीला चहा-बिस्किट खाऊन येणाऱ्या मुलीच्या पोटात साखर जाते, पण लोह आणि प्रथिने जात नाहीत. शिवाय चहामुळे जेवणातील लोहही नीट शोषले जात नाही. तिला ‘साखर कमी कर’ एवढेच सांगितले, तर बिस्किट जाईल आणि पोट रिकामे राहील.

इथे प्रश्न शाळेच्या भिंतीवरून शाळेच्या ताटात येतो. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण आहे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२३मध्ये आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरवले. जानेवारी २०२५मध्ये त्याचा सरकारी निधी बंद झाला आणि हवे असल्यास लोकसहभागातून द्यावे, असे शाळांना सांगण्यात आले. फलकाला खर्च थोडा आणि अंड्याला जास्त, हे आम्हालाही समजते. पण मुलांनी काय खाऊ नये हे सांगणाऱ्या व्यवस्थेने त्यांना काय खायला मिळेल याची जबाबदारीही घ्यायला हवी.

तोपर्यंत शिक्षकांनी हा फलक तयार स्वरूपात न टांगता मुलांकडून करून घ्यावा. प्रत्येकाने आपल्या खाऊचे एक वेष्टन आणावे, त्यावरील साखरेचा आकडा शोधावा, आपण खाल्लेल्या वजनाला ती किती होते हे त्रैराशिकाने काढावे आणि तेवढी साखर वजनकाट्यावर मोजून दाखवावी. आकड्याशेजारी तो कुठून घेतला हेही लिहावे. फलकाचा अर्धा भाग ‘काय कमी पडते’ यासाठी राखावा : लोह कशातून मिळते, डाळ-भाताबरोबर लिंबू का पिळावे, आगरी-कोळी घरातील सुकट खाल्ल्याने काय मिळते. मात्र कोणाच्या डब्यात काय आहे, याची नावानिशी नोंद फलकावर होऊ नये. गरिबीचे प्रदर्शन मांडून पोषण शिकवता येत नाही.