शहराचे भाषांतर : ‘बेंद काळु ऑन टोस्ट’ ते ‘उणे पुरे शहर एक’

गिरीश कार्नाड (१९३८–२०१९) यांची नाटके मराठीत आली ती प्रामुख्याने मिथक आणि इतिहास यांच्या वाटेने. ‘तुघलक’ विजय तेंडुलकरांनी, तर ‘हयवदन’ चिं. त्र्यं. खानोलकरांनी मराठीत आणले. या दोन्ही नाटकांत भाषा बदलली, स्थळ बदलावे लागले नाही. चौदाव्या शतकातील दिल्ली कन्नड आणि मराठी प्रेक्षकांना सारखीच दूरची होती. २०१२ च्या ‘बेंद काळु ऑन टोस्ट’ या नाटकाने मात्र भाषांतरापुढे वेगळा प्रश्न उभा केला. येथे खुद्द समकालीन बंगळूरु शहरच नाट्यविषय आहे.

शीर्षकातील ‘उकडलेले दाणे’ होयसळ राजा बल्लाळ आणि त्याला दाणे खाऊ घालणारी वृद्धा यांच्या लोककथेतून येतात. ही व्युत्पत्ती इतिहासाला धरून नाही. होयसळांपूर्वीच्या, इ. स. ८९० च्या सुमाराच्या बेगूर येथील शिलालेखात बंगळूरुचे नाव आढळते. हे बेगूर आज इलेक्ट्रॉनिक सिटीपासून काही किलोमीटरवर आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कर्नाटक शासनाच्या ‘किऑनिक्स’ने कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या खेड्यांच्या जमिनीवर ही वसाहत आखली. पुराणे नाव, रचलेली दंतकथा आणि आयात केलेले नाव असे तीन थर या एकाच परिसरात साचले आहेत. दाण्यांखाली ‘टोस्ट’ ठेवणारे शीर्षक नेमका हाच विसंवाद पकडते.

प्रदीप वैद्य यांचे मराठी रूप मोहित टाकळकर यांनी ‘आसक्त’तर्फे २०१३ मध्ये रंगभूमीवर आणले. त्यात बंगळूरुच्या जागी पुणे आले. दंतकथेचा आधार सुटला. त्याऐवजी ‘उणे पुरे’ या शब्दांत ‘पुणे’ ऐकू येईल असा श्लेष साधला गेला. हिंजवडी आणि इलेक्ट्रॉनिक सिटी यांची सामाजिक घडण पुष्कळशी समांतर असल्याने हा बदल उपरा वाटत नाही. खोट्या आश्वासनावर विसंबून हातची नोकरी सोडणारा प्रभाकर तेलंग किंवा चोरीचा आळ येणारी मोलकरीण विमला ही मूळ संहितेतील माणसे पुण्यातही सहज भेटतात.

तथापि या समांतरतेला मर्यादा आहे. बंगळूरुत कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू, कोंकणी आणि इंग्रजी यांची सरमिसळ हे केवळ वातावरण नाही. कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलतो, यावरून तेथे सत्तेची उतरंड कळते. पुण्यात मराठीचे स्थान इतके भक्कम आहे की हीच उतरंड भाषांऐवजी बोलींच्या आणि उच्चारांच्या भेदांतून दाखवावी लागते. स्थलांतरिताचे परकेपण त्यामुळे काहीसे वर्गभेदात विरघळते. मालकीण आणि मोलकरीण यांच्यातील अंतर राहते, पण मोलकरणीचे शहराशी असलेले अंतर कमी होते.

तरीही या प्रयोगाला ‘मुळाशी अप्रामाणिक’ ठरविणे उचित नव्हे. बंगळूरु तसेच ठेवले असते, तर मराठी प्रेक्षकाला दुसऱ्याच्या शहराची पडझड सुरक्षित अंतरावरून पाहता आली असती. स्थळबदलाने ती सोय काढून घेतली. शहर बदलल्याने आरोपीही बदलला, आणि तो प्रेक्षागृहात बसलेला होता. तौलनिक अभ्यासाने म्हणूनच येथे निष्ठेचा हिशेब शब्दांवरून न मांडता, संहिता कोणाला उत्तरदायी धरते यावरून मांडावयास हवा. त्या कसोटीवर मराठी रूप उणे असूनही पुरे पडते.