पानांवर घडलेली चित्रकला

अतिवास्तववाद म्हटलं की दालीची वितळणारी घड्याळं आठवतात, फार तर माग्रीतचा पाइप. सुटे कॅनव्हास बघत फिरण्याची ही सवय आपल्याला संग्रहालयांनी लावली आणि तिच्यापायी या चळवळीची निम्मी ताकद आपल्या नजरेतून निसटली. तिची दृश्यभाषा घडली ती नियतकालिकांत.

कवी आंद्रे ब्रेतोंचा अतिवास्तववादाचा जाहीरनामा आला आणि पाठोपाठ, डिसेंबर 1924 मध्ये, पॅरिसला ‘ला रेव्होल्यूशन स्यूररेआलिस्त’चा पहिला अंक निघाला. पिएर नाव्हिल आणि बँजामँ पेरे या संपादकांनी त्याचं रूप ‘ला नात्यूर’ या विज्ञानविषयक नियतकालिकासारखं मुद्दाम रुक्ष ठेवलं. त्या कोरड्या रकान्यांत स्वप्नांच्या नोंदी, आत्महत्यांच्या बातम्या आणि मॅन रेची छायाचित्रं एकमेकांना खेटून आली. एका पानाच्या मधोमध जेर्मेन बेर्तोंचा फोटो आहे. या अराजकवादी तरुणीने 1923 मध्ये एका उजव्या कार्यकर्त्याचा गोळी घालून खून केला होता आणि ज्यूरीने तिला निर्दोष सोडलं होतं. तिच्याभोवती छोट्या चौकटींत ब्रेतों, आरागों, पिकासो, फ्रॉइड. यातला एकही फोटो वेगळा काढून भिंतीवर लावण्यासारखा नाही. पण ते अख्खं पान आजही अंगावर येतं, कारण गुन्हा, प्रेम आणि कविता यांना तिथे एकाच ओळीत बसवलंय.

तिसऱ्या अंकात नाव्हिलने तर अतिवास्तववादी चित्रकला असं काही नसतंच, असं लिहून टाकलं. चौथ्या अंकापासून संपादन ब्रेतोंकडे गेलं आणि चित्रकलेची बाजू मांडणारी त्याची लेखमाला सुरू झाली. नाव्हिलचं म्हणणं टोकाचं होतं खरं, पण चित्र शोभेची वस्तू होईल ही त्याची धास्ती पुढे खरी ठरली. आल्बेर स्कीराचं ‘मिनोतोर’ (1933–39) पाहा: पिकासो, मातीस, मिरो यांची मुखपृष्ठं, उंची छपाई. अप्रतिमच. मात्र हातात घेताना जपावं लागतं असं. त्यातही ब्रासाईने बसच्या चुरगळलेल्या तिकिटांचे फोटो ‘शिल्पं’ म्हणून छापले, तेव्हा जुनी धग परत जाणवते.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते कॅरिबियनमधल्या मार्तिनिक या फ्रेंच बेटावरचं ‘त्रोपीक’ (1941–45). एमे आणि स्यूझान सेझेर, रने मेनील या लेखकांनी ते जर्मनधार्जिण्या व्हिशी राजवटीच्या नाकावर टिच्चून चालवलं. 1941 मध्ये ब्रेतोंला ते फोर-द-फ्रान्समधल्या एका दुकानात, मुलीसाठी रिबन घ्यायला गेला असताना सापडलं. 1943 मध्ये सेन्सॉरने त्यावर काही काळ बंदी घातली. स्यूझानने मात्र त्याच वर्षी अतिवास्तववादाला वसाहतीतल्या काळ्या माणसाच्या मुक्तीचं साधन मानून लेख लिहिला. टांगण्याजोगी चित्रं नाहीत म्हणून कलेतिहासात ‘त्रोपीक’ला तळटीप मिळते. वस्तुतः चित्रकार विफ्रेदो लाम 1941 मध्ये याच बेटावर सेझेरना भेटला होता आणि त्याचं ‘जंगल’ 1943 सालचंच आहे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्या चित्राशेजारी त्या वर्षीचा ‘त्रोपीक’ वाचता येईल असा उघडा ठेवावा.