लीळाचरित्र, सूत्रपाठ आणि एक्सपाथ : निवडीचा प्रश्न

मराठीतील आद्य गद्यग्रंथाची संगणकीय आवृत्ती सिद्ध करावयाची झाल्यास तिची आंतररचना कोणी ठरवावी, हा प्रश्न केवळ संगणकशास्त्र विभागाचा राहिलेला नाही. प्रस्तुत लेखात, ‘एक्सएमएल’ पद्धतीने चिन्हांकित केलेल्या मजकुरातून नेमका घटक निवडणाऱ्या ‘एक्सपाथ’ या मार्गभाषेचा ‘लीळाचरित्रा’च्या संदर्भात परामर्श घेतला आहे.

एक्सएमएलला १९९८ मध्ये व एक्सपाथच्या पहिल्या आवृत्तीला १९९९ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची मान्यता मिळाली. एक्सपाथ दस्तऐवजाकडे वृक्ष म्हणून पाहते. ग्रंथाला भाग, भागाला लीळा, लीळेला वचने अशा फांद्या फुटतात आणि हव्या त्या फांदीपर्यंतची वाट लिहून दाखवावी लागते. उदाहरणार्थ,

//लीळा/वचन[@वक्ता='चक्रधर']

असे लिहिले की सर्व भागांतील लीळांमधून केवळ श्रीचक्रधरांची वचने हाती येतात. दुहेरी तिरपी रेघ कोणतीही पातळी सुचवते. चौकटी कंसात अट येते. घटकांची नावे देवनागरीत ठेवण्यास एक्सएमएलची हरकत नाही.

महानुभाव परंपरेला हे काम नवे नाही. बाभुळगावच्या शेजारच्याच अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी लीळांचे संकलन केले. त्यांतून केसोबासांनी श्रीचक्रधरांची वचने वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला. निवडीची अट वरच्यासारखीच होती : वक्ता कोण. पुढची कृती मात्र अधिक विचारार्ह आहे. ती वचने आचार, विचार, उद्धरण, संहार अशा प्रकरणांत लावली गेली आणि प्रसंग गळून पडला. कोणाला, कोठे, कशावरून सांगितले, हे सूत्रात उरत नाही. एका व्यक्तीच्या शंकेला दिलेले उत्तर सर्वांसाठीचा नियम म्हणून वाचले जाऊ शकते. परंपरेने हा धोका ओळखला होता. सूत्रांमागील प्रसंग सांगणारा ‘प्रकरणवश’ हा ग्रंथ त्याची साक्ष देतो. एक्सपाथमध्ये ही सोय ‘ॲन्सेस्टर’ अर्थात पूर्वज-अक्षाने होते : हाती आलेल्या वचनापासून वर चढत त्याची लीळा गाठता येते. परंतु निवडलेली वचने दुसऱ्या धारिकेत उतरवून घेतली की ही वाट बंद होते, आणि अभ्यासक बहुधा नेमके तेच करतात.

याहून मोठी अडचण चिन्हांकनाची आहे. ‘दृष्टान्तपाठा’त सूत्र व दृष्टान्त श्रीचक्रधरांचे, तर दार्ष्टान्तिक केसोबासांचे. ही तिन्ही अंगे एकाच ‘वचन’ घटकात कोंबली, तर वरची वाट केसोबासांचे भाष्यही श्रीचक्रधरांच्या नावावर जमा करील, आणि संगणक चूक दाखवणार नाही. चिन्हांकनाला टंकलेखनाचा भाग मानणे म्हणूनच घातक आहे. ते संपादन आहे. ते मराठीच्या प्राध्यापकांनीच केले पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हस्तलिखितांत पाठभेद विपुल आहेत. शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते (१९७८) यांच्या आवृत्त्यांत लीळांचे क्रमांक जुळत नाहीत. तेव्हा ‘अमुक भागातील पाचवी लीळा’ अशी स्थानावर आधारलेली वाट आवृत्ती बदलताच भलत्याच लीळेत नेते. प्रत्येक लीळेला आवृत्तिनिरपेक्ष ओळखचिन्ह देणे हाच उपाय. (वाटेतील क्रमांक मात्र इंग्रजी अंकांतच द्यावा लागतो, एवढ्यापुरती देवनागरी चालत नाही.)

देवनागरीची आणखी एक गाठ संपादकाच्या टिपांत हमखास आडवी येते. ‘दुसऱ्या’ हा शब्द संगणकात दोन प्रकारे साठवला जातो : नुक्ता असलेल्या ‘ऱ’ने, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. एक्सपाथ तुलना करते ती संकेतांकांची. त्यामुळे एका रूपाने शोधल्यास दुसरे रूप सापडत नाही. त्रुटीचा संदेश येत नाही, फक्त रिकामा संच येतो. २००७ च्या दुसऱ्या आवृत्तीत युनिकोड प्रमाणीकरणाचे फलन आले, तरी त्याने ही दोन रूपे एक होत नाहीत. ती टंकनाच्या वेळीच एक करून घ्यावी लागतात.